भिंतीमागचे हॉटेल

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेला दरवर्षी नागपूरहून कोणी ना कोणी विद्वान वक्ते येतात. या वर्षी समितीने घरच्याच माणसाला उभे केले आहे, तेव्हा सांभाळून घ्यावे. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. डिप्लोमा करून रेल्वेच्या वर्क्स खात्यात लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षे क्वार्टर्स, रेस्ट हाऊस, रनिंग रूम, पाण्याच्या टाक्या आणि तुंबलेल्या मोऱ्या यांच्या सहवासात काढली. आमच्या खात्याची आठवण लोकांना छत गळायला लागले की येते. अशा माणसाने 'जगातील आलिशान हॉटेले' हा विषय घेतला, याचे काही जणांना हसू आले असेल. पण विषय मी मुद्दाम निवडला आहे. का, ते बोलण्याच्या ओघात येईलच.

प्रथम शब्दापासून सुरुवात करू. आपल्या मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर 'हॉटेल' म्हटले की मिसळ, भजी आणि अर्धा कप चहा येतो. मुक्कामासाठी आपल्याकडे 'लॉज' असते, नाहीतर 'भोजन व निवासाची उत्तम सोय' अशी पाटी असते. त्याही आधी धर्मशाळा होत्या. प्रवासाला निघालेला माणूस नातेवाइकाकडे उतरे, नाहीतर धर्मशाळेत पथारी पसरे. युरोपातही फारसे वेगळे नव्हते. तिथे घोडागाड्यांच्या रस्त्यावर खानावळवजा सराया असत. खाली घोडे, वर माणसे. एका खोलीत अनोळखी माणसांनी झोपायचे, प्रसंगी एकाच बिछान्यावर. प्रवासात सुख असते ही कल्पनाच नव्हती. प्रवास म्हणजे हाल, हे सर्वांनी धरून ठेवलेले होते.

मग 'आलिशान हॉटेल' ही चीज आली कुठून? मंडळी, माझ्या वाचनातून माझे असे मत झाले आहे की ती मुख्यतः आपल्या रेल्वेने आणली. आणि दुसरे मत असे की, हॉटेलचा आलिशानपणा आपल्याला दिसणाऱ्या झुंबरात आणि संगमरवरात कमी असतो. तो भिंतीच्या मागे असतो. नळात, वायरीत, लिफ्टच्या शाफ्टमध्ये, स्वयंपाकघरात आणि तिथे राबणाऱ्या माणसांत. या दोन गोष्टी पटवून देण्याचा आज प्रयत्न करतो.

आधुनिक हॉटेलचा पहिला नमुना म्हणून बहुतेक अभ्यासक अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या ट्रेमाँट हाऊसचे नाव घेतात. ते १८२९ मध्ये सुरू झाले. आयझाया रॉजर्स नावाच्या वास्तुरचनाकाराने ते बांधले. त्यात १७० खोल्या होत्या. त्याचे कौतुक कशासाठी झाले? प्रत्येक खोलीला स्वतंत्र कुलूप. पाहुण्याला फुकट साबण. आणि इमारतीच्या आत तळमजल्यावर पाण्याचे आठ संडास. आज आपण क्वार्टरमध्येही ज्या गोष्टी गृहीत धरतो, त्या तेव्हा चैनीच्या होत्या. म्हणजे आलिशानपणाची सुरुवात प्लंबिंगपासून झाली आहे, हे लक्षात ठेवा.

यानंतर रेल्वे आली. १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर लाइन सुरू झाली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सगळे गणितच बदलले. घोडागाडीतून दिवसाला पाच-पंचवीस माणसे यायची, तिथे एका गाडीतून शेकडो उतरू लागली. रात्री-अपरात्री उतरलेली ही माणसे जाणार कुठे? १८३९ मध्ये लंडनच्या यूस्टन स्टेशनसमोर दोन हॉटेले उघडली. एक पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी, दुसरे साध्या प्रवाशांसाठी. डब्यांचे वर्ग हॉटेलातही उतरले म्हणा ना! लंडनमधली ही पहिली रेल्वे हॉटेले. १८५४ मध्ये पॅडिंग्टनला ग्रेट वेस्टर्न रॉयल हॉटेल झाले. मग कंपन्या-कंपन्यांत चढाओढ लागली. आपले स्टेशन मोठे की शेजारच्याचे, आपले हॉटेल उंच की त्याचे!

या चढाओढीचा कळस म्हणजे लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनवरचे मिडलँड ग्रँड हॉटेल. याच्यापाशी मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण त्यात आपल्या धंद्याच्या दृष्टीने शिकण्यासारखे फार आहे.

मिडलँड रेल्वे ही लंडनमध्ये उशिरा आलेली कंपनी. उशिरा आलेल्याला जरा जास्तच थाट दाखवावा लागतो. बार्लो नावाच्या इंजिनियरने १८६८ मध्ये स्टेशनची शेड उभी केली. सुमारे २४० फुटांचा एकच स्पॅन, मध्ये एकही खांब नाही. तेव्हा जगात एवढे मोठे एकसंध छत दुसरे नव्हते. लाइन कालव्यावरून येत असल्यामुळे प्लॅटफॉर्म रस्त्यापेक्षा बरेच उंच ठेवावे लागले. मग खालच्या जागेचे काय करायचे? मिडलँडची मोठी वाहतूक होती बर्टन गावच्या बिअरची. तेव्हा खाली बिअरची पिंपे ठेवायची ठरले, आणि खालच्या लोखंडी खांबांतले अंतर त्या पिंपांच्या मापाने धरले. एवढ्या भव्य स्टेशनचे मूळ माप म्हणजे बिअरचे पिंप! आपल्याकडे गुड्सवाल्यांना कोणी विचारत नाही, पण तिथे त्यांनी स्टेशनचा नकाशा ठरवला.

या शेडच्या पुढे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी हॉटेल बांधले. लाल विटा, टोकदार कमानी, मनोरे, घड्याळ. लांबून पाहणाऱ्याला राजवाडा वाटावा. ५ मे १८७३ रोजी ते उघडले. सुमारे ३०० खोल्या. पाण्याच्या दाबावर चालणारी लिफ्ट होती. प्रत्येक खोलीत शेकोटी. जिना तर असा की आजही लोक फक्त तो पाहायला जातात.

पण स्नानाची सोय? एवढ्या खोल्यांसाठी न्हाणीघरे बोटांवर मोजण्याइतकी. पाहुण्याच्या खोलीत टब नेऊन ठेवायचा आणि नोकरांनी गरम पाण्याचे हंडे जिन्याने वर न्यायचे. कोळसाही तसाच वर जायचा आणि राख तशीच खाली यायची. १८७३ मध्ये हे कोणाला खटकले नाही. नोकर स्वस्त होते आणि पाइप महाग.

त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांत जग पालटले. ते कसे, हे पुढे सांगतोच. नव्या हॉटेलांत खोलीला लागून न्हाणीघर आले. मिडलँड ग्रँडला ते करता आले नाही. कारण आग लागू नये म्हणून मजल्यांचे स्लॅब असे जाड आणि भक्कम केलेले होते की त्यांतून नवीन पाइप नेणे जवळजवळ अशक्य. इमारत मजबूत होती, आणि त्या मजबुतीनेच तिचा घात केला. १९३५ मध्ये हॉटेल बंद पडले. पुढे रेल्वेने तिथे आपली ऑफिसे थाटली. ज्या दालनांत मेजवान्या झडल्या तिथे फायलींची कपाटे लागली. हे चित्र आपल्याला नवीन नाही!

१९६० च्या दशकात तर रेल्वेने ही इमारत पाडायचेच घाटत होते. शेजारच्या यूस्टनची जुनी कमान आणि जुने हॉटेल तोवर पाडून झाले होते. मग जॉन बेट्जमन नावाचे कवी आणि त्यांच्यासारखे काही इमारतवेडे लोक उभे राहिले. लिहिले, बोलले, अधिकाऱ्यांच्या मागे लागले. १९६७ मध्ये इमारतीला पहिल्या दर्जाचे संरक्षण मिळाले. तरीही ती अनेक वर्षे रिकामी आणि ओलीने खराब होत पडलीच होती. २००७ मध्ये समुद्राखालच्या बोगद्यातून येणाऱ्या युरोस्टार गाड्या सेंट पँक्रासला येऊ लागल्या, आणि ५ मे २०११ रोजी, म्हणजे बरोबर १३८ वर्षांनी त्याच तारखेला, हॉटेल पुन्हा उघडले. त्या स्टेशनवर आज बेट्जमन यांचा पुतळा आहे. हातात पिशवी, टोपी सांभाळत छताकडे बघत उभे आहेत. रेल्वेच्या स्टेशनात कवीचा पुतळा, आणि तोही रेल्वेशी भांडलेल्या कवीचा! मला हे फार आवडले.

आता न्हाणीघराचे राहिलेले सांगतो. त्यासाठी सेझार रिट्झ या माणसाची ओळख करून घ्यावी लागेल. 'रिट्झ' हे नाव आपण ऐकलेले असते, बिस्किटावरही असते. पण तो माणूस होता, आणि गरिबाघरचा होता. स्वित्झर्लंडच्या डोंगरातील नीडरवाल्ड या खेड्यात १८५० मध्ये शेतकऱ्याच्या घरात जन्मला. तेरावे मूल. पोरवयात एका हॉटेलात उमेदवारीला लागला, तिथल्या मालकाने 'तुला या धंद्यातले काही जमणार नाही' म्हणून घालवून दिले. मग पॅरिसमध्ये बूट पुसण्यापासून वाढप्यापर्यंत सगळी कामे केली. डिग्री नाही, डिप्लोमासुद्धा नाही. पण निरीक्षण असे की पाहुण्याला काय हवे ते पाहुण्याच्या आधी याला कळे.

लंडनला १८८९ मध्ये सॅव्हॉय हॉटेल सुरू झाले. विजेचे दिवे, लिफ्ट आणि भरपूर न्हाणीघरे. न्हाणीघरांची संख्या ऐकून बांधकाम करणाऱ्याने विचारले म्हणे, की 'तुमचे पाहुणे पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे राहणारे प्राणी आहेत काय?' त्या सॅव्हॉयचा कारभार रिट्झकडे आला आणि स्वयंपाकघर एस्कॉफिये या थोर आचाऱ्याकडे. पुढे रिट्झने १ जून १८९८ रोजी पॅरिसमध्ये स्वतःच्या नावाचे हॉटेल उघडले आणि तिथे खोल्यांना लागून न्हाणीघरे दिली. तो स्वच्छतेचा मोठा भोक्ता. धूळ धरून ठेवणारे जड मखमली पडदे त्याने कमी केले, भिंतींना कागदाऐवजी रंग दिला, म्हणजे धुता येतील. आपल्या खात्यातला माणूसच म्हणा ना!

त्याचा शेवट मात्र चटका लावणारा आहे. जून १९०२ मध्ये सातव्या एडवर्डचा राज्यारोहण सोहळा होता. रिट्झने लंडनच्या कार्लटन हॉटेलात जय्यत तयारी केली. ऐन दोन दिवस आधी राजाचे अपेंडिक्सचे दुखणे निघाले आणि सोहळा पुढे ढकलला. रिट्झ त्याच दिवशी कोसळला. पुन्हा पूर्वीसारखा कधी झालाच नाही. १९१८ मध्ये गेला. हजारो लोकांना विश्रांती देणाऱ्या माणसाने स्वतः कधी विश्रांती घेतली नव्हती.

आता पुन्हा रुळांवर येऊ. रेल्वे हॉटेलांमागे दर वेळी हौसच होती असे नाही. कधी कधी इंजिनियरची अडचण होती. कॅनडाचे उदाहरण घ्या. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेची लाइन नोव्हेंबर १८८५ मध्ये पूर्ण झाली. रॉकी पर्वतात किकिंग हॉर्स खिंडीच्या उतारावर चढण होती ४.५ टक्के, म्हणजे बावीसला एक. आपल्या भोर घाटात सदतीसला एक आहे, आणि तिथेही मागून बँकर इंजिने लावावी लागतात, हे इथल्या लोको पायलट मंडळींना सांगायला नको. अशा चढावर जड डायनिंग कार ओढून नेणे परवडेना. मग कंपनीचे प्रमुख व्हॅन हॉर्न यांनी तोडगा काढला. जेवणाचा डबा डोंगरावर न्यायचा नाही, डोंगरातच जेवणाची सोय करायची. १८८६-८७ च्या सुमारास फील्ड, ग्लेशियर अशा ठिकाणी लहान हॉटेले उभी राहिली. गाडी थांबायची, लोक उतरून जेवायचे, समोर हिमनदी बघायची. लोकांना ते इतके आवडले की ते मुक्कामालाच राहू लागले! ग्रेडियंटच्या अडचणीतून पर्यटनाचा धंदा निघाला. पुढे १९०९ मध्ये वळणाचे बोगदे काढून तो चढ निम्म्यावर आणला, पण हॉटेले राहिली ती राहिलीच.

मग १८८८ मध्ये बॅन्फ येथे मोठे हॉटेल झाले, गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ. तिथली गंमत ऐका. नकाशा उत्तम होता, पण बांधणाऱ्याने इमारत उलटी बसवली. नद्यांच्या संगमाचे सुंदर दृश्य मिळाले स्वयंपाकघराला, आणि पाहुण्यांच्या वाट्याला आली मागची झाडी. व्हॅन हॉर्न पाहणीला आले आणि संतापले. मग त्यांनी तिथल्या तिथे कागद घेऊन, दृश्याच्या बाजूला पाहुण्यांसाठी एक गोल मंडप जोडायचा आराखडा काढून दिला. लेआउट देताना उत्तर दिशा दोनदा तपासा, हे मी आमच्या नवीन मुलांना सांगतो, त्याला आता कॅनडाचा आधार मिळाला!

युरोपात हेच काम नागेलमाकर्स या बेल्जियन गृहस्थांनी केले. झोपण्याच्या डब्यांची कंपनी त्यांचीच. १८८३ मध्ये पॅरिसहून त्यांची ओरिएंट एक्स्प्रेस निघाली. आधी प्रवाशांना वाटेत होडी आणि आगबोट करावी लागे. १८८९ पासून गाडी थेट इस्तंबूलपर्यंत जाऊ लागली. गाडीत चांदीचे काटेचमचे आणि उतरल्यावर ढेकणांची सराई, हे कसे चालणार? म्हणून १८९० च्या दशकात तिथे पेरा पॅलेस हॉटेल उभे राहिले. सुलतानाचे राजवाडे सोडले तर वीज असलेली शहरातली ही पहिलीच इमारत. विजेची लिफ्ट, नळाला गरम पाणी. स्टेशनवरून पाहुण्यांना पालखीसारख्या खुर्चीत बसवून आणत. ती खुर्ची हॉटेलात आजही जपून ठेवलेली आहे.

आफ्रिकेतील व्हिक्टोरिया फॉल्स हॉटेल तर १९०४ मध्ये झांबेझी नदीवरील पूल बांधणाऱ्यांच्या काळात उभे राहिले. सुरुवातीला लाकूड आणि पत्रे, आपल्या साइट ऑफिससारखेच. पुढे पाहुण्यांना धबधब्यापर्यंत न्यायला अरुंद रुळांवरची ट्रॉली होती. माणसे ढकलायची. १९२० पासून १९५७ पर्यंत ती चालली. पुश ट्रॉलीवरून इन्स्पेक्शन करणाऱ्या आपल्या पीडब्ल्यूआय मंडळींनी हे ऐकून ठेवावे. तिथे त्याचे पैसे पडत!

आता आपल्या देशात, मुंबईत येऊ. इथे मला दोन इमारती शेजारी शेजारी ठेवून दाखवायच्या आहेत.

पहिली वॉटसन हॉटेल, काळा घोड्यापाशी. १८७१ मध्ये सुरू झाले. संपूर्ण लोखंडी सांगाडा, इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने आणून इथे जोडलेला. त्याचे डिझाइन रोलंड मेसन ऑर्डिश यांचे. हेच ऑर्डिश सेंट पँक्रासच्या त्या प्रचंड शेडच्या कामात बार्लो यांचे साहाय्यक होते. म्हणजे दोन्हींमध्ये एकाच माणसाची बुद्धी. याच हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंचा सिनेमा हिंदुस्थानात प्रथम दाखवला गेला. पण तिथे प्रवेश फक्त गोऱ्यांना. पुढे हॉटेल बंद पडले, इमारतीत फळ्यांची खोपटी पडली, दुकाने आणि वकिलांची ऑफिसे आली. कोणी वर मजले चढवले, कोणी खांब झाकले. रंगकाम नाही, गंज काढणे नाही. २००५ मध्ये एक भाग कोसळून जीवितहानी झाली. त्याच वर्षी जगातील धोक्यात असलेल्या १०० वास्तूंच्या यादीत तिचे नाव आले. २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली. एकाच इंजिनियरचे लोखंड. लंडनमध्ये त्याखाली युरोस्टार उभी राहते, आणि मुंबईत त्याला आधाराचे टेकू. फरक लोखंडात नाही. फरक मेंटेनन्समध्ये आहे.

दुसरी इमारत म्हणजे ताजमहाल हॉटेल. १६ डिसेंबर १९०३ रोजी जमशेटजी टाटांनी ते उघडले. वॉटसनमध्ये प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधले, अशी गोष्ट सगळ्यांना पाठ असते. तिला समकालीन पुरावा नाही. पण एक गोष्ट पक्की आहे. हे हॉटेल पहिल्या दिवसापासून भारतीयांना खुले होते. आणि यंत्रसामग्री जमशेटजींनी स्वतः युरोपात फिरून निवडली. विजेची उपकरणे, लिफ्ट, पंखे. भिंतीमागचे आधी पाहणारा मालक होता तो. हॉटेल सुरू झाल्यावर पाच-सहा महिन्यांतच, मे १९०४ मध्ये ते वारले.

आणि आता आपल्या अभिमानाची गोष्ट. ताजचे मूळ वास्तुरचनाकार कोण? रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि त्यांचे सहकारी डी. एन. मिर्झा. या वैद्यांनी आधी काम केले होते ते एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या हाताखाली, साहाय्यक इंजिनियर म्हणून. कुठे? बोरीबंदरच्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या बांधकामावर, म्हणजे आजच्या सीएसएमटीवर! १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे ते काम चालले. स्टीव्हन्सच्या नावाची चर्चा नेहमी होते, वैद्यांची होत नाही. ताज पूर्ण होण्यापूर्वीच वैद्य वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम तडीस नेले. रेल्वे स्टेशनवर घडलेला एक मराठी माणूस देशातल्या सर्वांत नावाजलेल्या हॉटेलचा पाया घालून गेला. आपल्या मुलांना हे नाव माहीत असावे, म्हणून मुद्दाम सांगितले.

मंडळी, या दोन इमारतींची गाठ पुन्हा एकदा पडली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री. वैद्यांचा हात लागलेल्या दोन्ही इमारतींवर एकाच रात्री अतिरेक्यांनी हल्ला केला. सीएसएमटीवर ५८ माणसे मारली गेली. त्या वेळी उपनगरी गाड्यांच्या उद्घोषणा कक्षात विष्णू झेंडे ड्यूटीवर होते. ते पळाले नाहीत. काचेतून समोर गोळीबार दिसत होता, तरी माईकवरून प्रवाशांना पुन्हा पुन्हा सांगत राहिले, की मागच्या बाजूने बाहेर पडा. कित्येक जीव त्या आवाजाने वाचले.

तिकडे ताजमध्ये टेलिफोन ऑपरेटर आपल्या जागी बसून खोल्याखोल्यांत फोन करत होते, दिवे बंद करा, दार उघडू नका. स्वयंपाकघरातले लोक पाहुण्यांच्या पुढे कडे करून उभे राहिले आणि त्यांना बाहेर काढताना काही जण स्वतः गेले. हॉटेलात ३१ जणांचा बळी गेला. त्यांत पाहुणे होते तसे कर्मचारीही होते. जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडली. मला सांगा, त्या रात्री ताजचा आलिशानपणा कशात होता? घुमट तर जळत होता. तो आलिशानपणा फोनच्या बोर्डवर आणि स्वयंपाकघरात होता. म्हणजे भिंतीमागेच.

शेवटी आपल्या घराकडे येतो. आपले हे बिलासपूर ज्या कंपनीने वाढवले ती बंगाल नागपूर रेल्वे, आपली बीएनआर, १८८७ मध्ये स्थापन झाली. इथल्या कित्येक मराठी घरांचे पूर्वज तिच्याच नोकरीने नागपूर-भंडाऱ्याकडून इकडे आले. त्या बीएनआरने १९१५ मध्ये रांचीला आणि १९२५ मध्ये जगन्नाथपुरीला हॉटेले काढली. पुरीचे हॉटेल समुद्रासमोर आहे. आपल्या जुन्या मंडळींनी निदान बाहेरून तरी पाहिलेले असेल. आज ती दोन्ही खासगी कंपनी चालवते, पण लोकांच्या तोंडी नाव अजून बीएनआरच आहे. आणि २०२१ मध्ये गांधीनगर स्टेशनवर तर रुळांच्या डोक्यावरच ३०० हून अधिक खोल्यांचे पंचतारांकित हॉटेल उभे राहिले. चक्र फिरून पुन्हा स्टेशनवर आले!

यातल्या बहुतेक हॉटेलांत आपण कधी उतरणार नाही. मीही उतरलेलो नाही. पण आपल्या प्रत्येकाच्या हाती एखादे 'हॉटेल' आहेच. माझ्याकडे रनिंग रूम आहे. रात्री दोनला गाडी सोडून लोको पायलट तिथे येतो. त्याला गरम पाणी मिळाले, खाट स्वच्छ असली, खिडकीला डास अडवणारी जाळी असली आणि सहा-सात तास सलग झोप लागली, तर दुसऱ्या दिवशी त्याचा डोळा सिग्नलवर राहतो. त्याच्या मागे हजार-पंधराशे प्रवासी बसलेले असतात, कदाचित तुमच्या-माझ्या घरातलेही. तिथला बंद पडलेला गीझर मी चार दिवस तसाच ठेवला, तर त्याची किंमत कोणी मोजायची? रिट्झला राजासाठी जे वाटत होते, ते मला त्या पायलटसाठी वाटले पाहिजे, असे हे सगळे वाचल्यापासून मनाशी धरले आहे.

आणि आपले हे दहा दिवस पाहा. आरास सर्वांना दिसते. पण पहाटे पाणी भरणारी, वायरी तपासणारी, महाप्रसादाच्या कढईपुढे घाम गाळणारी आणि शेवटी पत्रावळी उचलणारी मुले मंडपाच्या मागे असतात. त्यांना आज इथे पुढे बसवावे, अशी अध्यक्षांना विनंती करतो.

गणपती बाप्पा मोरया!